रेडकरचा काळा रंग

वयाने मोठ्या माणसाला अहो-जाहो करावं असं मला लहानपणी शिकवलं होतं, आणि भालचंद्र रेडकरच्या तोंडावर मी ते वीस वर्षं न चुकता पाळलं. 'या भालचंद्रराव', 'बसा भालचंद्रराव', 'अगदी बरोबर आहे तुमचं, भालचंद्रराव'. इथे तो समोर नाही. तेव्हा मी आता एकेरीवर येणार आहे, आणि त्यात मला जो आनंद होणार आहे तो लपवायचा माझा मुळीच विचार नाही.

स्वतःवर इतका खूश माणूस मी दुसरा पाहिला नाही. लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला त्याच्या दोन खोल्या होत्या आणि त्याला लागून आमच्या. तो आणि त्याची थोरली बहीण सुमाताई, अशी दोघंच. दोघांनीही लग्न केलेलं नव्हतं. सुमाताई एका शाळेच्या ऑफिसात कारकून होती. हा दादरच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट. म्हणजे काम काय, तर मुलांना भिंगं मोजून द्यायची आणि तास संपला की मोजून परत घ्यायची. पण निवृत्त झाल्यावर तो 'आमच्या डिपार्टमेंटमध्ये' अशी सुरुवात करून जे काही सांगायचा, त्यावरून नवख्या माणसाची अशी समजूत व्हायची की तिथले सगळे प्रोफेसर याच्या हाताखाली उमेदवारी करत होते आणि त्यातले बहुतेक वाया गेले.

या माणसाने घरच्या घरी एक रंग बनवला होता. काळा. त्यातून वीज जाते, हा त्याचा गुण. असा रंग जगात याने एकट्यानेच बनवलेला नाही, पण ते त्याला सांगायची सोय नव्हती. त्या रंगाने त्याने आमची चाळ छळली, आणि त्या रंगाचा उपयोग आयुष्यात एकाच माणसाला झाला. सुमाताईला पक्षाघाताचा झटका आला, वाचा गेली, आणि तिला पुन्हा कुणाला हाक मारता येईल की नाही हे या गृहस्थाच्या रंगावर येऊन ठेपलं. दुसरा कोणीही असता तर मला एवढी काळजी वाटली नसती. पण हा होता.

कृती ऐका. त्याने ती मला किमान दोनशे वेळा ऐकवली आहे, तुम्ही एकदा ऐका.

चित्रकलेच्या मऊ, गडद पेन्सिली घ्यायच्या. साध्या लिहायच्या चालत नाहीत, त्यांच्यात माती जास्त. सुरीने उभ्या चिरायच्या, आतली काडी काढायची आणि खलबत्त्यात कुटायची. खलबत्ता पितळी, आणि तो सुमाताईचा चहासाठी सुंठ कुटायचा. वर्षभर त्या घरातल्या चहावर एक राखाडी झाक असायची. शेवटी सुमाताईने गुपचूप दुसरा खलबत्ता आणला. मग ती पूड मलमलीच्या फडक्यातून चाळायची आणि सुतार वापरतात त्या पांढऱ्या गोंदात कालवायची. इथे रेडकर थांबायचा, डोळे मिटायचा आणि रागदारी समजावून दिल्यासारखा बोलायचा.

"गोंद जास्त झाला की प्रत्येक कण गोंदाची रजई पांघरून झोपतो. शेजाऱ्याला टेकत नाही. मग वीज जाणार कशी? कमी झाला, तर वाळल्यावर पोपडे. कण कणाला टेकला पाहिजे. असा!" आणि तो कोपर तुमच्या बरगडीत खुपसायचा. तुमच्या शर्टावर काळा डाग पडायचा. त्या डागातूनही वीज जाते, ही माहिती वर.

हीच पूड सायकलवाल्याकडच्या पंक्चर काढायच्या रबर सोल्युशनमध्ये कालवली की वीजवाहक गोंद तयार. जिथे तारेला सोल्डरचा डाग द्यायला गेलं तर प्लास्टिक वितळेल, तिथे हा लावायचा. लोहार चाळीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, चांदीचा तयार रंग मिळतो, इवल्याशा बाटलीत, आणि तो याच्या रंगापेक्षा शंभरपट चांगला चालतो. त्याचं नाव काढलं की रेडकरचा ओठ वाकडा व्हायचा. "चांदी लग्नातल्या ताटाला शोभते."

माणसांचे त्याने दोन वर्ग केले होते, वाहक आणि अवाहक. ज्याच्या डोक्यात याचं बोलणं शिरतं तो वाहक. आजवर एकही सापडला नव्हता. मी बँकेत नोकरीला, त्यामुळे माझा निकाल पहिल्याच भेटीत लागला. "कॉमर्स ना? म्हणजे शुद्ध रबर." हे त्याने माझ्या बायकोसमोर सांगितलं, आणि तिला ते इतकं आवडलं की अजून वापरते.

एकदा आमच्या टीव्हीच्या रिमोटवरचं आवाज वाढवायचं बटण मेलं. बटणाच्या रबराखाली एक काळी टिकली असते, ती झिजली की कितीही दाबा. माझी चूक एवढीच की मी हे गॅलरीत मोठ्याने बोललो. रेडकर आला, रिमोट घेऊन गेला आणि दोन दिवसांनी नॅपकिनात गुंडाळून घेऊन आला, बाळंतपण करून आल्यासारखा. मी आवाजाचं बटण दाबलं. चॅनल बदललं. चॅनलचं दाबलं. टीव्ही बंद पडला. रंग एका टिकलीवरून दुसरीवर ओघळला होता, हे माझ्यासारख्या रबरालाही कळलं.

"भालचंद्रराव, हे काहीतरी..."

"रिमोट बरोबर आहे," तो म्हणाला. "तुमचं बोट जुन्या सवयीने जातंय."

पुढचे आठ महिने आमच्याकडे बातम्या लावायच्या तर आवाज बंद करायचं बटण दाबावं लागे. बायकोने त्याचा एक तक्ता करून टीव्हीशेजारी चिकटवला होता. पाहुण्यांना तो आधी वाचायला द्यायचो.

पण त्याची खरी उंची दिसली ती चाळीच्या सत्यनारायणाला. दरवर्षी खाली चौकात पूजा असते. त्या वर्षी मंडपाच्या दाराशी आपण काहीतरी 'वैज्ञानिक' ठेवतो, असं रेडकरने जाहीर केलं. प्लायवुडच्या फळीवर त्याने पांढऱ्या ऑइलपेंटचं सुरेख कमळ काढलं आणि पाकळ्यांच्या मधून काळ्या रंगाच्या रेघा. दर्शनाला येणाऱ्याने अनवाणी पाय ठेवला की रेघा पायाने जोडल्या जाणार आणि घंटा वाजणार. फळी दारात जमिनीवर ठेवली. शेजारी खुर्ची टाकून हा हाताची घडी घालून बसला.

सकाळपासून माणसं आली. सगळ्यांनी कमळ पाहिलं, 'वा, काय रांगोळी आहे' म्हटलं, आणि साडीच्या निऱ्या सावरून, लेंगा वर धरून, कडेकडेने आत गेली. एक घंटा वाजेल तर शपथ. दुपारी रेडकरचा धीर सुटला.

"पाय द्या हो! पाय द्या!"

"रांगोळीवर? काय बोलता?" खालच्या मजल्यावरच्या बाई दचकल्या.

"ही रांगोळी नाही, सर्किट आहे!"

"अगं बाई, मग तर नाहीच देणार. शॉक बसेल!"

संध्याकाळी नगरसेवक आले. मोठी माणसं, ती सरळ फळीवर चढली. पण त्यांनी बूट तेवढे काढले होते, मोजे पायातच. घंटा मुकी. शेवटी आरतीचं तबक घेऊन भटजी मागे सरकता सरकता त्या कमळावर गेले आणि अशी काही घंटा ठणाणली की ते तबकासकट उडाले, आणि वळून त्यांनी आधी त्या फळीला हात जोडून नमस्कार केला. रेडकर उभा राहिला. "प्रयोग यशस्वी," तो म्हणाला. "जनता नापास."

याच चाळीत जन्मलेला माणूस. रांगोळीला पाय लागू द्यायचा नाही हे त्याला कसं आठवलं नसेल, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, ते सगळ्यांना माहीत होतं म्हणूनच. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीवर त्याचा विश्वास नसायचा.

त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने हसली ती शालन परब. ती आणि रेडकर याच चाळीत एकत्र वाढले, त्यामुळे ती त्याला भालू म्हणायची, अख्ख्या चाळीत ती एकटीच. घराणं मूळचं मालवणकडचं, आणि तिची बोलीही. नवरा गेल्यावर तिने बाहेरच्या खोलीत ब्युटी पार्लर काढलं, साठीची झाली तरी स्वतःची नखं लालभडक. रेडकर तिच्या दारावरून जाताना नाक दाबायचा. "चेहरे रंगवायचे आणि नखं रंगवायची! माणसाचा मेंदू रंगवता आला असता तर काही उपयोग होता."

"तुझो आदी रंगवतंय, ये," आतून आवाज यायचा.

आणि सुमाताई? ती बोलायचीच कमी. म्हणजे आम्ही तसं समजायचो. भाऊ बोलत असला की ती ताटात तांदूळ निवडत बसायची, आणि त्याचा मुद्दा जसजसा चढत जाई तसतशी तिची बोटं भराभर चालत. तिला बोलायला त्याने जागाच ठेवली नव्हती, हे लक्षात यायला आम्हाला तिची वाचा जावी लागली.

श्रावणात झटका आला. महिनाभर हॉस्पिटल झालं आणि घरी आणली. समज पूर्ण शाबूत, सगळं ऐकू येतं, पण जीभ हलत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन्ही हात लुळे. उजवा पंजा जरासा सरकायचा आणि त्याची तर्जनी तेवढी तिचं ऐकायची, तीही मुंगीच्या जोराने. उशाशी घंटा ठेवली, ती उचलता येईना. बेलचं बटण दिलं, ते दाबलं जाईना. ती पाण्यासाठी वाट बघत पडून राहायची, कोणीतरी येऊन डोळ्यांत बघेपर्यंत.

मी म्हटलं, "भालचंद्रराव, अशा माणसांसाठी तयार वस्तू मिळतात. माझ्या ऑफिसातल्या एकाने आईसाठी..."

"अवाहकांसाठी मिळतात," तो म्हणाला. आणि आत जाऊन खलबत्ता घेऊन बसला.

त्या क्षणी मला त्याची जी चीड आली ती अजून जपून ठेवलेली आहे. एका बाईला तहान लागली हे सांगता येत नाही, आणि हा पेन्सिली चिरतोय!

आठवड्याने पाटी तयार झाली. शाळेच्या पाटीएवढा प्लायवुडचा तुकडा, त्यावर पांढरा रंग, आणि चार चौकोन. प्रत्येक चौकोनात काळ्या रंगाचे दोन कंगवे, एकाचे दात दुसऱ्याच्या दातांमध्ये, पण एकमेकांना न टेकणारे. बोट ठेवलं की बोटातून अगदी नखभर वीज इकडून तिकडे जायची, मागचं सर्किट ती वाढवायचं, त्या चौकोनाचा बारीक दिवा लागायचा आणि बझर वाजायचा. दाबायला लागत नव्हतं. टेकलं की पुरे. चौकोनांवर त्याच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: चहा, पाणी, औषध, मोरी.

आणि ती पाटी चालली. मला हे लिहिताना त्रास होतो, पण चालली. ज्या रंगातून दिवा धड पेटत नव्हता, त्याला इथे एवढंसंच काम होतं आणि ते तो बिनचूक करत होता. सुमाताईने पहिल्यांदा 'पाणी'वर बोट ठेवलं. बझर वाजला. रेडकर पाणी घेऊन धावला, चमच्याने पाजलं. तिने पुन्हा ठेवलं. तो पुन्हा धावला. तिसऱ्यांदा ठेवलं तेव्हा आमच्या लक्षात आलं की तिला तहान नव्हती. ती नुसती हाक मारून बघत होती.

महिनाभर छान गेला. मग खंडेनवमी आली.

शालनने सकाळी पार्लरमधल्या कात्र्या, कंगवे, ड्रायर सगळं पाटावर मांडून पुजलं, आणि मग तिच्या मनात आलं ते या चाळीतल्या कुणाच्याही मनात आलं असतं. रेडकर अंघोळीला गेला होता. ती तबक घेऊन सुमाताईकडे गेली, पाटीवर फुलाने पाणी शिंपडलं, चारही चौकोनांना ओलं हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले आणि गेली.

तिचं बोट लागलं तेव्हाच बझर वाजला होता. नुसता वाजला नाही, वाजतच राहिला. रेडकर पंचावर धावत आला. पाहतो तर चारही दिवे लागलेले. चहा, पाणी, औषध, मोरी, सगळं एकदम! त्याने आधी औषध आणलं, मग पाणी, मग गॅसवर आधण ठेवलं, मग मोरीचं भांडं घेऊन धावला, आणि सुमाताई आपली उशीवरून त्याच्याकडे बघतेय, बोट पाटीपासून वीतभर लांब. तेव्हा कुठे त्याला कुंकू दिसलं.

"शालन!" ही हाक तळमजल्यापर्यंत गेली असेल. "पाटीवर पाणी घातलंस? पाण्यातून वीज जाते हे तुला..."

"माझा काय चुकला?" शालन दारातूनच म्हणाली. "मिया कातर पुजलंय, ड्रायर पुजलंय, म्हटला सुमाची पाटी पण पुजूया. तिची वाचाच ती."

रेडकर संतापला. आणि त्या संतापात या वैज्ञानिकाने काय केलं? ओला फडका घेतला आणि पाटी खसाखसा पुसली. पांढरा गोंद पाण्याने भिजला की सुटतो. कुंकू गेलं, हळद गेली, आणि त्यांच्याबरोबर चारही चौकोन फडक्यात आले. पाटी पांढरीफटक. तो फडक्याकडे बघत राहिला. मला हसू आवरेना म्हणून मी घरात गेलो.

ते हसणं मला दोन दिवसांनी महागात पडलं. पाटीचं सर्किटही बिघडलं होतं, म्हणून रेडकर सुटे भाग आणायला लोहार चाळीत गेला, 'अर्ध्या तासात येतो' सांगून. तिथे दुकानदाराला ट्रान्झिस्टर म्हणजे काय हे शिकवण्यात दोन तास घालवले. मी घरीच होतो. भिंतीपलीकडे. मला काहीही ऐकू आलं नाही, कारण ऐकू येण्यासारखं काही झालंच नव्हतं. शालन डोकावायला गेली तेव्हा स्टुलावरचं पाण्याचं भांडं कलंडलेलं होतं, सुमाताईचा गाऊन छातीपासून कमरेपर्यंत भिजलेला होता, आणि ती तर्जनी स्टुलाच्या कडेवर अजून खरवडत होती. किती वेळ, कुणास ठाऊक.

शालनने तिला कोरडं केलं. मग रेडकर आला. शालनने ओला गाऊन त्याच्या हातात दिला. "पीळ," म्हणाली.

त्याने पिळला. दोरीवर घातला. मग गॅलरीत कठड्याला धरून उभा राहिला. मी दाराआडून बघत होतो. जरा वेळाने तो निघाला आणि शालनच्या पार्लरच्या दारात जाऊन थांबला. आत एका मुलीच्या भुवया कोरणं चाललं होतं. शालनच्या दातांत दोरा.

"शालन."

"हं."

"ते तुझ्याकडे असतं ना. नखांना लावायचं."

शालनने दोरा सोडला. "नेलपॉलिश? कोणाक?"

"पाण्याने जात नाही ना ते?"

"पैसे देऊन लावतत. पाण्यान जाईत कसा?"

"मग बिनरंगी दे एक."

"बिनरंगी?" शालनने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुका लाल शोभात."

खुर्चीतली मुलगी एक भुवई कोरलेली आणि एक झुडपासारखी, अशी पोट धरून हसायला लागली. शालनने पायाने स्टूल पुढे सरकवलं. "बस. हिचे भुवये होऊ देत, मगे देतंय."

आणि तो बसला. समोर भलामोठा आरसा, आजूबाजूला क्रीमच्या बाटल्या, आणि मधे भालचंद्र रेडकर, नाकावर काळा पट्टा, हात मांडीवर, पार्लरमध्ये नंबर लावून. दहा मिनिटं तो एकही शब्द बोलला नाही. वीस वर्षांतला हा माझा सर्वात सुंदर दिवस.

रेडकरने पेन्सिलीची पूड बिनरंगी नेलपॉलिशमध्ये कालवली आणि त्या रंगाने चौकोन रंगवले. बघता बघता वाळले. ओलं बोट फिरवलं, हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो मला गॅलरीत म्हणाला, "पांढरा गोंद पाण्यात टिकत नाही. नखांच्या रंगात वेगळं द्रव्य असतं. मला पहिल्यापासून माहीत होतं."

"मग पहिल्यापासून का नाही वापरलं?"

"तुम्हाला नाही कळायचं. कॉमर्स."

पाटी पुन्हा सुरू झाली आणि त्याबरोबर रेडकरही सुरू झाला. आता तो सुमाताईच्या पलंगाशी खुर्ची टाकून दिवसभर बसायचा. द्रव्यं, कण, वाहक, शालनची अक्कल, माझी अक्कल, देशाची अक्कल. तिला उठून जाता येत नव्हतं आणि निवडायला तांदूळ नव्हते.

त्याच सुमाराला तिचा नेम चुकायला लागला. चौकोन सोडून तिचं बोट पाटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात जायचं, जिथे काहीच नव्हतं. टक, टक, टक. रेडकर घाबरला. आजार वाढला, बोटही चाललं, असं त्याला वाटलं. त्याने पाटी दोन बोटं डावीकडे सरकवली. बोट त्याच कोपऱ्यात. वर सरकवली. बोट शोधत शोधत त्याच कोपऱ्यात. त्याने मला बोलावलं, मी शालनला.

शालन थोडा वेळ बघत उभी राहिली. मग खाली वाकून म्हणाली, "सुमा, तुका आणखी एक चौकोन होयो?"

बझर वाजला. तिने 'चहा'वर बोट ठेवलं होतं, पण चहा मागितला नव्हता हे तिघांनाही कळलं.

"बरं. मिया अक्षरां म्हणतंय. आपला इला की वाजव." आणि शालन शाळेत म्हणतात तशी म्हणायला लागली, "क. ख. ग..."

बझर.

"ग," रेडकर म्हणाला. "ग. गरम पाणी असेल. गरम पाणीच. मी म्हणतच होतो, थंडी पडायला लागली की या हवेत उष्णतेचं वहन..."

"आता दुसरा," शालन म्हणाली, आणि पुन्हा क पासून. ती त पर्यंत आली, न पर्यंत आली. रेडकर मधे मधे गोळी, गादी, गीता अशी नावं सुचवत होता. "प," शालन म्हणाली.

बझर. आणि या वेळी बोट उचललंच नाही. बझर वाजत राहिला, सुमाताई भावाकडे बघत राहिली, आणि रेडकर, जो उष्णतेच्या वहनाकडे परत निघाला होता, तो वाक्याच्या मध्यावर थांबला.

कुणी हसलं नाही. शालनसुद्धा नाही. मी वीस वर्षं ज्या दृश्याची वाट बघत होतो ते समोर होतं आणि मी जमिनीवरच्या फरशीचे तुकडे मोजत होतो.

"हे चार चौकोनांचं सर्किट आहे," रेडकर शेवटी म्हणाला. "पाचवा बसत नाही."

तो उठून आतल्या खोलीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर द्यायला गेलो तेव्हा पाटीवर पाच चौकोन होते. पाचवा उजव्या खालच्या कोपऱ्यात, आणि त्यावर त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: गप्प.

ती वापरायची. चांगली वापरायची. तो ट्रान्झिस्टरवर असो की सरकारवर, बोट टेकलं की त्याचं तोंड उघडंच राहायचं आणि शब्द आत. बोट असेपर्यंत तो बोलायचा नाही. यात त्याने कधी लबाडी केली नाही. बाकी माणसात बदल म्हणाल तर शून्य. माझ्याकडे येऊन दुप्पट बोलायचा, भिंतीपलीकडे थांबवलेलं सगळं माझ्या घरात ओतायचा. मी बायकोला म्हटलं, आपल्याकडे एक चौकोन काढून घ्यायला हवा.

मागच्या वर्षी आम्ही वडाळ्याला राहायला गेलो. निघायच्या दिवशी दुपारी निरोप घ्यायला रेडकरकडे गेलो. सुमाताई पलंगावर उशांना टेकून बसलेली होती. हा पाटी मांडीवर घेऊन, चष्मा कपाळावर, रंगवायचा बारीक ब्रश घेऊन अगदी नाक टेकेल इतका वाकलेला. 'चहा'चा चौकोन वर्षभर तसाच होता, 'औषध'ही. 'गप्प' मात्र बोटाने पार झिजलेला. तो दर महिन्याला नव्याने रंगवावा लागतो, असं मला शालनने सांगितलं होतं. त्याने कंगव्याचा शेवटचा दात ओढला, पाटी परत तिच्या मांडीवर ठेवली, आणि माझ्याकडे वळला.

"वडाळा!" तो म्हणाला. "मिठागरांची हवा. तुमच्या घरातल्या प्रत्येक तांब्याच्या तारेचं काय होणार आहे, कल्पना आहे का? नाहीच असणार. मीठ म्हणजे नुसतं जेवणातलं नव्हे..."

चौकोन ओला होता, आणि ओला असेपर्यंत त्याला अडवणारं घरात काही नव्हतं. तो तांब्यावरून पितळेवर गेला, पितळेवरून आमच्या बिल्डरवर, बिल्डरवरून मुंबईतल्या एकूण मूर्खपणावर. मी 'अगदी बरोबर, भालचंद्रराव' म्हणत होतो. सुमाताईचं बोट पाटीच्या वर हवेत धरलेलं होतं, दोन बोटं उंच, त्या कोपऱ्यावर नेमकं, आणि जराही हलत नव्हतं. रंग वाळायला किती वेळ लागतो हे आमच्यापैकी एकट्या त्यालाच ठाऊक होतं. अर्धा तास म्हणाला असता तर आम्ही दोघांनी मान डोलावली असती.

"...आणि म्हणून सांगतो, घरात पाऊल टाकायच्या आधी मेन स्विच..." असं म्हणत त्याने न बघताच हात मागे नेला, करंगळीच्या मागच्या बाजूने चौकोनाला हलकेच स्पर्श केला, आणि थांबला. वळून त्याने पाटी नीट सरळ केली, तिच्या बोटाखाली सरकवली.

"वाळलं, ताई," तो म्हणाला.

तिने बोट टेकवलं.